तिसऱ्या पानावरची खूण

ऑर्मस्टन शिष्यवृत्ती मिळून पाच आठवडे झाले होते, तरी लिओना फ्रीसन रोज सकाळी उठली की क्षणभर पडून राहायची आणि हे खरं आहे ना, याची स्वतःशीच खात्री करून घ्यायची. चौघांनी मिळून वर्षभर परदेशात, बासेलला राहायचं, रोज तिथल्या मुरलेल्या वादकांसमोर बसून शिकायचं, बाकी काही करायचं नाही. देशभरातून बेचाळीस संच आले होते. कुणी तिघांचे, कुणी चौघांचे, कुणी पाच जणांचे, सगळे तिशीच्या आतले. त्यातून निवड झाली ती विनिपेगच्या फर्बी रस्त्यावर, एका चर्चच्या तळघरात तालीम करणाऱ्या या चौकडीची.

ग्रॅहम ऑस्ट्रँडर पहिलं व्हायोलिन वाजवायचा, लिओना दुसरं. अर्विन माकाराएगकडे व्हायोलिनहून जरा मोठा, जाड आवाजाचा व्हायोला आणि टेस कोवालचुककडे गुडघ्यांत धरून वाजवायचा चेलो. विद्यापीठाच्या पहिल्या वर्षी एकत्र आले ते सहा हिवाळे सुटले नव्हते. अशा वादनात समोर काठी हलवणारा कुणी नसतो. एकाने श्वास घेतला की बाकीच्यांनी त्याच श्वासावर गज टेकवायचा. दुसरं व्हायोलिन पहिल्याच्या कुशीत बसतं, त्यामुळे ग्रॅहमचा श्वास लिओनाला त्याच्या आईपेक्षा जास्त ओळखीचा झाला होता. निदान तिची तशी समजूत होती.

मार्चमधल्या एका गुरुवारी दुपारी तालीम चालू असताना शिष्यवृत्तीच्या कचेरीतून कॉरिगन बाईंचा फोन आला. ग्रॅहमने तो सगळ्यांना ऐकू येईल असा खुर्चीवर ठेवला. विमानाच्या तारखा ठरवायच्या असतील, असंच सगळ्यांना वाटलं.

"पासपोर्टच्या प्रती मिळाल्या," बाई म्हणाल्या. "त्यातला एक पासपोर्ट फिलिपिन्सचा आहे."

"माझा," अर्विन म्हणाला.

"पण तुमच्या अर्जात तिसऱ्या पानावर चौघंही कॅनडाचे नागरिक असल्याची खूण आहे. चारही चौकटींत. आणि चौथ्या पानावर चौघांच्या सह्या आहेत."

टेसने चेलो मांडीपासून दूर केला.

"मी नागरिक नाही," अर्विन सावकाश म्हणाला. "सोळाव्या वर्षापासून इथे राहतोय. नागरिकत्वाचा अर्ज मागच्या सप्टेंबरात केलाय. अजून परीक्षा व्हायचीय, शपथ व्हायचीय."

"हे बघा, नियम मी केलेला नाही. चौघंही नागरिक हवेत, असं ज्यांनी पैसा ठेवला त्यांनीच लिहून ठेवलंय. पण संचातला एक माणूस बदलायची सोय आहे. वीस दिवसांत दुसरं नाव कळवा, मग आम्हीही ती खूण नजरचूक समजू. कागद पुढे सरकतील. तुमचं वादन सगळ्यांना फार आवडलं होतं, ते वाया जाऊ नये असं मलाही वाटतं."

फोन बंद झाला. अर्विनने व्हायोला पेटीत ठेवला, गजाचे केस ढिले केले, पेटीची कुलपं एकेक करून लावली. मग बाकावर बसून बूट चढवू लागला. बाहेर उणे सव्वीस तापमान होतं. तशा थंडीत बूट घालायला वेळ लागतो, आणि तेवढा सगळा वेळ तिघं नुसते बघत राहिले.

"तालीम संपली ना?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता जिना चढून गेला.

वरचं दार लागल्याचा आवाज आला न आला, तोच ग्रॅहम म्हणाला, "मिरेल मोकळी आहे."

"कोण मिरेल?" टेसने विचारलं.

"मिरेल गॉडबू. माँट्रियालची. उन्हाळी शिबिरात आपल्याबरोबर होती बघ. व्हायोला चांगला वाजवते. नागरिक आहे."

लिओनाने त्याच्याकडे पाहिलं. दहा मिनिटांपूर्वी आभाळ कोसळलं आणि याने छत्री आधीच काखोटीला मारून ठेवलेली. पण तेव्हा तिने नुसतं हसून व्हायोलिन पेटीत ठेवलं.

तिच्या घरात कुणी आवाज चढवत नसे. फ्रीसन मंडळी मेनोनाइट पंथाची. शस्त्र उचलायचं नाही, शपथ घ्यायची नाही आणि राग आलाच तर दिवस मावळायच्या आत खाली ठेवायचा. लहानपणी भावाशी भांडण झालं की आई दोघांना एका बाकावर बसवून गाणं म्हणायला लावायची, आणि दोन सुरांत गाता गाता भांडण विरघळून जायचं. त्यामुळे राग आला की नेमकं काय करायचं, हे चोविसाव्या वर्षीही लिओनाला ठाऊक नव्हतं. छातीत काहीतरी गरम व्हायचं आणि ती हसून वेळ मारून न्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मिरेलला फोन लावला. मनात शंका होती, पण शंका आहे याचीच तिला लाज वाटत होती.

"अगं, किती दिवसांनी," मिरेल म्हणाली. "ठरलं का मग? ग्रॅहमने ऑक्टोबरात सांगितलं होतं की कदाचित लागेन, कदाचित नाही. मी वसंतातली दोन कामं सोडलीयत त्याच्या भरवशावर."

"ऑक्टोबरात?"

"हो. म्हणाला, अर्विनचं काही नक्की नाही, त्याचे कागद वेळेत झाले तर तोच येईल, नाहीतर तू. आणि निकाल लागेपर्यंत कुणाला बोलू नकोस, अर्विनला वाईट वाटेल. का गं? तुला माहीत नव्हतं?"

अर्ज नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेला होता.

लिओनाने फोन खाली ठेवला आणि ओट्याजवळ उभी राहिली. चहाचं पाणी उकळून उकळून आटलं, भांडं करपल्याचा वास सुटला, तरी ती हलली नाही. पाच महिने. पाच महिने हा माणूस अर्विनच्या शेजारी बसून वाजवत होता. फेब्रुवारीत टोरांटोला अंतिम फेरी झाली तेव्हा त्यांनी जी रचना निवडली, तिची सुरुवातच एकट्या व्हायोलाने होते. बाकी तिघं नुसते खालचे सूर धरून ठेवतात आणि व्हायोला त्यावर आडवा घाव घातल्यासारखा येतो. ती रचना निवडली होती ग्रॅहमनेच. "अर्विनला पुढे करू, परीक्षकांनी कान टवकारले पाहिजेत," असं म्हणाला होता. कान टवकारले. शिष्यवृत्ती अर्विनच्या हातांनी जिंकली, आणि ती जिंकली जात असताना ग्रॅहमच्या खिशात दुसऱ्या व्हायोलावालीचा होकार होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हसून वेळ मारून न्यावी, असं या वेळी कुणी समोर नव्हतंही.

शनिवारी तिघं चर्चच्या तळघरात भेटले. ग्रॅहम सगळ्यांसाठी कॉफी घेऊन आला होता. लिओनाने कोटही काढला नाही.

"मिरेलशी बोलले मी," ती म्हणाली.

ग्रॅहमने कॉफीचा पेला टेबलावर ठेवला. "बरं."

"ऑक्टोबरात विचारलंस तू तिला. अर्जावर खूण तू केलीस. माहीत असून केलीस."

टेसने एकीकडून दुसरीकडे पाहिलं. "काय चाललंय? मला कुणी सांगेल का?"

"सांगतो," ग्रॅहम म्हणाला. "त्या चौकटीत नाही म्हणून खूण केली असती तर अर्ज उघडलासुद्धा नसता कुणी. दारातच परत. मी हिशेब केला. सप्टेंबरात निघायचं, तोवर अर्विनची शपथ होऊन जाईल. झाली तर प्रश्नच मिटला. नाही झाली तर निदान तिघांचं तरी नुकसान नको. चौघांचं नुकसान होण्यापेक्षा एकाचं बरं. मी आपल्यासाठीच केलं हे."

"त्याला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. तुला माहीत आहे तो कसा आहे."

"म्हणजे तो नाही म्हणणार हे तुला माहीत होतं, म्हणून विचारलं नाहीस."

"लिओना, शब्दांत पकडू नकोस."

"मग कशात पकडू? केसाने गळा कापलास त्याचा. आणि वर कॉफी घेऊन आलायस."

ती हे बोलली आणि तिलाच स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. तळघराच्या भिंतींवर तो आपटून परत आला.

ग्रॅहम शांत होता. त्याचं हे शांतपणच तिला सर्वात जास्त डाचलं. "तू सही केलीस ना?" तो म्हणाला. "चौथ्या पानावर? टेसने केली, अर्विनने केली. मी कुणाचा हात धरला नव्हता. चार पानांचा अर्ज होता, टाचून ठेवला होता, त्या तिथे पियानोवर. वाचायचा होतास."

लिओना कोटासकट आली तशीच जिना चढून गेली.

खरं म्हणजे अर्विन अजून नागरिक नाही, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. शरदभर तालमीच्या मधल्या सुट्टीत ती अर्विनची उजळणी घेत होती. नागरिकत्वाच्या परीक्षेचं पुस्तक हातात धरायची आणि विचारायची. प्रांत किती, पहिला पंतप्रधान कोण, ज्यूरीवर बसणं हक्क की कर्तव्य. तो चुकला की म्हणायची, "परत जा बाबा मनिलाला," आणि तो म्हणायचा, "मी मनिलाचा नाहीच, किती वेळा सांगू." अशी रोज परीक्षा घेणाऱ्या मुलीने अर्विन नागरिक आहे असं लिहिलेल्या कागदावर न बघता सही ठोकली होती.

सारजंट रस्त्यावर अर्विनच्या मावशीची बेकरी होती. सकाळच्या पावाची गर्दी ओसरली की तो तिथे दुपारपर्यंत काउंटरवर असायचा. लिओना गेली तेव्हा त्याची आई, चौकडी जिला टिटा, म्हणजे काकू, म्हणायची ती लुझ, मागे ट्रे घासत होती. एरवी लिओना दिसली की काहीतरी खायला हातात कोंबल्याशिवाय तिला राहवत नसे. आज तिने नुसती मान हलवली आणि नळ मोठा केला.

लिओनाने अर्विनला सगळं सांगितलं. मिरेल, ऑक्टोबर, ग्रॅहमचा हिशेब. तो ऐकत होता आणि पिशव्यांच्या घड्या घालत होता. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने बारा पाव मोजून दिले, सुटे पैसे दिले, परत घड्या घालायला लागला.

"अर्ज तू वाचला नव्हतास?" त्याने विचारलं.

"नाही. तू?"

"मी नाही वाचला, कारण तुमच्यावर विश्वास होता."

"माझाही..."

"तुझा विश्वास आणि माझा विश्वास एक नाही, लिओना. खोटं निघालं तर तुझं काय जाणार होतं? बासेल. माझ्या अर्जाची फाइल आत्ता सरकारच्या टेबलावर आहे. आणि इकडे एका कागदावर माझी सही आहे की मी नागरिक आहे म्हणून. आईने परवापासून भात सोडलाय. ती लोकांची म्हातारी माणसं सांभाळायला आली या देशात. पाच वर्षं एकटी, मला तिकडे ठेवून. आता तिला वाटतंय की मी एका सहीने सगळं घालवलं."

"एका खासगी संस्थेच्या अर्जावरून कुणी काही करणार नाही."

"हे तू तिला सांग. जा, आत जा आणि सांग."

लिओना आत गेली नाही.

"ग्रॅहम आला होता काल," अर्विन म्हणाला. "म्हणाला, वाईट वाटतंय. म्हणाला, तिकडे स्थिरस्थावर झाल्यावर तुझ्यासाठी काहीतरी बघतो. मी म्हटलं, मला बासेल नको. मला एक ओळ लिहून दे. 'ती खूण मी केली, अर्विनने नाही.' एवढंच. तर म्हणतो, आत्ता नाही लिहिता येणार, आत्ता लिहिलं तर शिष्यवृत्ती रद्द होईल. बासेलला पोचलो की तिथून लिहितो."

लिओनाला हसू फुटलं. रागाचं हसू, पण हसूच. अर्विन मात्र हसला नाही.

"तू हसू नकोस," तो म्हणाला. "तुझ्यावरही रागावलोय मी."

रविवारी ती आईवडिलांकडे जेवायला गेली. आई, अगाथा फ्रीसन, त्याच फर्बी रस्त्यावरच्या चर्चमध्ये गायनाचा गट बसवायची. तिच्याच शब्दावर चौकडीला तळघर मिळालं होतं. जेवताना लिओनाने झालेलं सगळं सांगितलं. वडील मान खाली घालून जेवत राहिले.

"ग्रॅहम तरुण आहे," आई म्हणाली. "मोहात पडला. तू त्याच्याशी एकदा प्रेमाने बोल. तो लिहून देईल."

"प्रेमाने बोलून झालं, आई. अर्विनने प्रेमाने मागितलं."

"मग वाट बघ. रागाच्या भरात केलेलं काम सुरात येत नाही."

"दर वेळी वाट बघायची ती कुणी? ज्याचं गेलं त्यानेच?"

आईने बटाट्याचं भांडं तिच्यापुढे सरकवलं. त्या घरात संभाषण संपवायची ती पद्धत होती. लिओनाने भांडं परत मागे सरकवलं. वडिलांनी मान वर केली.

सोमवारी सकाळी तिने कॉरिगन बाईंना पत्र लिहिलं. सहा वेळा लिहून खोडलं आणि शेवटी जे राहिलं ते आठ ओळींचं होतं. अर्ज ग्रॅहम ऑस्ट्रँडर यांनी भरला. अर्विन माकाराएग नागरिक नाहीत हे त्यांना माहीत होतं. बदली वादकाशी त्यांनी अर्ज पाठवण्याआधीच बोलणी केली होती. मी न वाचता सही केली, ही माझी चूक. अर्विन यांना त्या खुणेची कल्पना नव्हती आणि हे त्यांना लेखी कळवावं, अशी माझी विनंती आहे. तुमच्या परीक्षकांनी जे ऐकलं त्यात त्यांचा व्हायोला होता. तो काढून जे उरेल ते त्यांनी ऐकलेलं नाही.

पत्र ईमेलने धाडलं, आणि मग तिला आठवलं की टेसशी आपण बोललोच नाही.

टेस संध्याकाळी तिच्या दारात उभी राहिली. बर्फाचे बूटही न काढता आत आली, ते वितळून फरशीवर तळं झालं.

"मला कॉरिगन बाईंचा फोन आला," ती म्हणाली. "तुझ्याकडून नाही. त्यांच्याकडून कळलं मला."

"टेस, मी सांगणारच होते..."

"कधी? बासेलहून?"

लिओनाने तिच्यापुढे खुर्ची सरकवली. टेस बसली नाही.

"ब्रँडन गावच्या शाळेतली नोकरी सोडली मी. राहायची खोलीही सोडली. ग्रॅहमने लबाडी केली, मान्य. मी त्याच्या कानाखाली वाजवायला तयार आहे, आत्ता चल. पण त्याने मला न विचारता माझ्या वतीने ठरवलं आणि तूही मला न विचारताच ठरवलंस. फरक काय मग तुमच्या दोघांत?"

"मी खरं बोलले, एवढाच."

"तुला खरं बोलल्याचं समाधान मिळालं. मला काय मिळालं?" टेसचे डोळे भरून आले होते, आणि ते भरून आले म्हणून ती आणखी चिडली. "मी नाही म्हणाले असते असं वाटलं ना तुला? म्हणून विचारलं नाहीस."

ती गेल्यावर लिओनाने फरशी पुसली. टेसचं म्हणणं खरं होतं आणि आपण केलं तेही बरोबर होतं, आणि या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नव्हत्या. एकीने दुसरीला खोडलं असतं तर बरं झालं असतं.

दहा दिवसांनी उत्तर आलं. शिष्यवृत्ती रद्द. ती आता हॅलिफॅक्सच्या तिघांना जाईल. अर्जावर चुकीची माहिती असल्यामुळे सही करणाऱ्या चौघांनाही यापुढे अर्ज करता येणार नाही. चौघांनाही. शेवटी एक ओळ होती: अर्विन माकाराएग यांनी तो मजकूर स्वतः भरलेला नव्हता, अशी नोंद आम्ही घेतली आहे.

लिओनाने ताबडतोब फोन लावला. "अर्विनला का? त्याने भरला नाही असं तुम्हीच लिहिताय, मग त्याला बंदी का?"

"सही सगळ्यांची होती," कॉरिगन बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज दमलेला होता. "आणि खरं सांगू का, तुम्ही ते पत्र पाठवलं नसतंत तर कुणाचंच काही बिघडलं नसतं."

"एकाचं बिघडलं असतं. तो मोजण्यात धरलेला नाही का?"

बाईंनी फोन ठेवला. ती ओळ मात्र अर्विनने छापून घेतली, आईला वाचून दाखवली, आणि टिटा लुझने त्या दिवशी भात खाल्ला. लिओनाला हे अर्विनने स्वतः सांगितलं नाही. मावशीने सांगितलं.

एक गोष्ट उरली होती. सहा हिवाळे तळघर फुकट वापरू दिलं, म्हणून दर मे महिन्यात चौकडी चर्चमधल्या लोकांसाठी वाजवायची. तारीख छापून झाली होती. आईने विचारलं, रद्द करू का? अर्विनने निरोप पाठवला की तो वाजवेल, ऐकणाऱ्यांनी त्याचं काही वाईट केलेलं नाही. टेसनेही होकार दिला. ग्रॅहम येणार नाही असं लिओनाला वाटत होतं. तो आला. काळा सूट, चकचकीत बूट, दारात उभं राहून म्हाताऱ्यांशी हात मिळवत होता. एका आजोबांना सांगत होता की बासेलचं काही कागदपत्रांमुळे राहिलं.

कागदपत्रांमुळे. लिओनाच्या हातातली राळ गजावर इतक्या जोराने फिरली की तिचा तुकडा पडला.

दुपारचे तीन वाजले होते, खिडक्यांतून स्वच्छ ऊन येत होतं, बाकं भरली होती. पहिला भाग त्यांनी वाजवला. चुका कुणाच्याच झाल्या नाहीत. पण चौघं चार दिशांना बघत होते. टेस नुसती स्वरलिपीकडे, अर्विन जमिनीकडे. टाळ्या पडल्या. लोकांना कळलं नसावं, किंवा कळूनही त्यांनी चांगुलपणाने टाळ्या वाजवल्या असतील.

दुसरा भाग संथ होता. तो दोन व्हायोलिनांनी एकदम सुरू व्हायचा. ग्रॅहमने गज उचलला, हनुवटी जराशी वर केली आणि श्वास घेतला.

सहा वर्षं त्या श्वासावर तिचा हात आपोआप खाली आला होता. आज आला नाही. ग्रॅहमचा स्वर एकटाच निघाला, बारीक आणि उघडा, आणि दोन मात्रांनंतर थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं. परत हनुवटी वर केली. परत श्वास.

लिओनाने व्हायोलिन मांडीवर ठेवलं.

"मला जमणार नाही," ती म्हणाली. हळूच म्हणाली, पण त्या चर्चमध्ये शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातं. "याच्या श्वासावर मला वाजवता येणार नाही. तुमची माफी मागते."

"लिओना, पुरे कर," ग्रॅहम ओठ न हलवता म्हणाला. "लोक बसलेत."

"मग तू सांग त्यांना. कागदपत्रांत काय होतं ते सांग. पहिल्या रांगेत अर्विनची आई बसलीय, तिलाही सांग."

ग्रॅहमचा चेहरा प्रथमच बदलला. कानापर्यंत लाल झाला. त्याने टेसकडे पाहिलं, टेसने मान फिरवली. तो उठला, पेटी उचलली आणि बाजूच्या दाराने निघून गेला. त्याचे चकचकीत बूट जिन्यावर वाजत गेले.

कुणीतरी मागच्या बाकावर खोकलं. अर्विन बसल्या जागी म्हणाला, "आता तिघांना काय येतं ते बघू या का, की घरी जायचं?" त्याच्या बोलण्यात गंमत नव्हती. त्यालाही राग आला होता, आणि तो कुणाकुणावर आहे हे त्याने सांगितलं नाही. शेवटी त्यांनी काहीच वाजवलं नाही. अगाथा फ्रीसन उठली, लोकांना म्हणाली की खाली कॉफी आणि केक मांडला आहे, आणि माणसं गुपचूप जिना उतरली.

घरी जाताना गाडी आई चालवत होती. नदीवरचा पूल ओलांडला.

"इतक्या लोकांसमोर," ती मग म्हणाली.

"हो."

"मला वाटलं होतं तू माफ करशील."

"नाही करणार, आई. निदान इतक्यात तरी नाही."

आईने गाडी घराच्या रस्त्याला वळवली. "त्या मुलाच्या आईने माझा हात धरला खाली," ती म्हणाली. "काही बोलली नाही. नुसता धरून ठेवला. मी काय बोलायचं ते मला सुचेना." आणि तो विषय तिने पुन्हा कधी काढला नाही.

ग्रॅहम त्या उन्हाळ्यात टोरांटोला गेला. तिथे एका वाद्यवृंदात त्याला जागा मिळाली आणि त्याचं बरं चाललं. अशा माणसांचं बरं चालतं. ती ओळ त्याने कधीच लिहून दिली नाही. मिरेलने लिओनाला एक लांबलचक, दुखावलेलं पत्र लिहिलं. सोडलेली दोन कामं तिला परत मिळाली नव्हती. लिओनाने उत्तर दिलं, पण त्या कामांचं तिला काही करता आलं नाही.

अर्विनची शपथ सप्टेंबरच्या शेवटी झाली, हॅलिफॅक्सचे तिघं बासेलला पोचले त्याच आठवड्यात. त्याने लिओनाला बोलावलं. शंभरेक माणसं हात वर करून उभी होती, त्यात टिटा लुझही होती. तिची शपथ दोन वर्षांपूर्वीच झाली होती, पण ती परत सगळ्यांबरोबर मोठ्याने शपथ म्हणत होती. बाहेर आल्यावर तिने लिओनाच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेला भात कोंबला. मार्चनंतर पहिल्यांदा.

"अजून थोडा शिल्लक आहे," अर्विन चालता चालता म्हणाला.

"भात?"

"राग. तुझ्यावरचा."

"माझाही आहे. माझ्यावरचा."

"असू दे," तो म्हणाला. "पण व्हायोलिन आणि व्हायोला, नुसत्या दोघांसाठी लिहिलेलं फार थोडं आहे गं. दोन महिन्यांत संपेल."

ऑक्टोबरात टेसचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "अर्विन म्हणाला तुम्ही दोघं रडत-खडत काहीतरी वाजवताय. मी अजून चिडलेली आहे. तुझ्या पत्राबद्दल मला अजून भांडायचंय. पण मंगळवारी दुपारी मी रिकामी असते."

"ये," लिओना म्हणाली. "आधी भांडू."

मंगळवारी टेस आली आणि खरोखरच पाऊण तास भांडली. लिओनाने तिला मध्ये तोडलं नाही, फक्त दोनदा म्हणाली, "हे मात्र मी ऐकून घेणार नाही," आणि तेही मोठ्या आवाजात. अर्विन तोवर राळ लावत बसला होता. मग टेसने चेलोचा टेकू फरशीत रोवला आणि विचारलं, "सुरुवातीला श्वास कोण घेणार?"

यावर तिघांचं एकमत व्हायला आणखी अर्धा तास लागला.